बारकोड स्कॅनर म्हणजे वेगाने टाइप करणारा कीबोर्ड

दुकानासाठी बिलिंगचं छोटं अ‍ॅप बनवताय? मग स्कॅनरसाठी वेगळी लायब्ररी शोधत बसू नका. बहुतेक यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणूनच दिसतात. कोड वाचला की कर्सर असेल तिथे आकडे टाइप होतात आणि शेवटी सहसा एंटर येतो. नोटपॅड उघडून स्कॅन करून बघा, लगेच कळेल.

गडबड इथेच होते. कर्सर 'नग' या रकान्यात राहिला, तर १३ आकडी कोडच नगांची संख्या बनतो आणि बिल कोटींत जातं! म्हणून एवढं कराच:

- प्रत्येक स्कॅननंतर बारकोडचा रकाना रिकामा करून फोकस तिथेच परत आणा.
- एकेका आकड्याला नाही, एंटर आल्यावरच वस्तू शोधा.
- त्याच एंटरने 'सेव्ह' बटण दाबलं जात नाही ना, ते तपासा.
- कोड टेक्स्ट म्हणून साठवा. नंबर म्हणून साठवला तर सुरुवातीचं शून्य उडतं.
- ईएएन-१३ मध्ये डावीकडून पहिल्या १२ आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा, त्यात तेरावा आकडा मिळवा. बेरजेला १० ने भाग गेला नाही, तर तो कोड बिलात घेऊ नका.