शारीरिक शिक्षण, शिक्षक-प्रशिक्षण (मुंबई इलाखा व महाराष्ट्र)

माध्यमिक शाळांतून शारीरिक शिक्षण हा विषय शिकविणाऱ्या शिक्षकास द्यावयाचे व्यावसायिक शिक्षण. शरीररचना, शरीरक्रिया, आरोग्य, मानसशास्त्र व अध्यापनपद्धती यांचे ज्ञान, व्यायामप्रकार व खेळ यांतील शिक्षकाचे स्वतःचे कौशल्य आणि प्रत्यक्ष वर्गावर घ्यावयाचे सराव पाठ ही त्याची प्रमुख अंगे होत. पेअर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे काढलेली व्यायामसंस्था ही अशा प्रशिक्षणाची यूरोपातील एक आद्य संस्था मानली जाते. महाराष्ट्रात या प्रशिक्षणाचा पद्धतशीर शासकीय प्रारंभ मुंबईच्या उपनगरात, मालाडच्या उत्तरेस लागून असलेल्या कांदिवली येथे १९३८ मध्ये झाला.

तत्पूर्वी व्यायामाचे शिक्षण दोन निरनिराळ्या हातांत होते. इंग्रजी शाळांतून कवायत शिकविण्यासाठी बहुधा लष्करातून निवृत्त झालेले शिपाई वा हवालदार नेमले जात. १८८२ च्या हंटर आयोगाने देशी खेळ, कसरत व कवायत यांना शाळांतून उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली होती. तथापि शाळांनी त्यांतील कवायत तेवढी उचलली. ती सोपी, स्वस्त आणि पाहुण्यांसमोर दाखविण्यास सोयीची होती. कवायत मास्तरास पलटणीतील हुकूम पाठ असत. पण बारा वर्षांच्या मुलाच्या हृदयास किती श्रम झेपतात, हे जाणण्याचे त्यास कारण पडत नसे. दुसऱ्या बाजूस आखाडे व तालमी होत्या. तेथील वस्ताद आपल्या विद्येत पारंगत असे, परंतु ती विद्या निवडक शागिर्दांसाठी होती. चाळीस मुलांच्या वर्गास, त्यांत दुबळी मुलेही धरून, एकाच वेळी व्यायाम कसा द्यावा हा प्रश्न तालमीपुढे आलाच नव्हता.

तालमीतील विद्या समूहास शिकविता येईल अशा स्वरूपात मांडण्याचे श्रेय प्रथम बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रमुख राजरत्न माणिकराव यांस द्यावे लागेल. त्यांच्या संघव्यायामात लाठी, लेझीम इ. प्रकार भारतीय भाषेतील आज्ञांवर सामुदायिक रीतीने करविले जात. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग चालविले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकेही केली. हे कार्य मोलाचे असले, तरी सुटीतील काही आठवड्यांच्या वर्गाने कार्यकर्ता घडतो, व्यावसायिक शिक्षक घडतोच असे नाही. वर्षभराचे शास्त्रीय प्रशिक्षण हवे असल्यास मद्रासला एच्. सी. बक यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या वाय्. एम्. सी. ए. च्या महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागे. पुढे हैदराबाद (१९३१) व कलकत्ता (१९३२) येथेही सोय झाली. मुंबई इलाख्यात मात्र नव्हती.

१९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि या प्रश्नास चालना मिळाली. शासनाने शारीरिक शिक्षणाची समिती नेमली व तिचे अध्यक्षपद लोणावळ्याच्या कैवल्यधामचे (स्थापना १९२४) संस्थापक स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांस दिले. ही निवड अर्थपूर्ण होती. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे हे माणिकरावांचे शिष्य. तालमीचा संस्कार त्यांस होताच. त्याबरोबर आसन-प्राणायामाचे शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजण्याची शास्त्रीय दृष्टीही त्यांनी संपादन केली होती. यौगिक संघ व्यायाम या त्यांच्या पुस्तकात आसने सुद्धा समूहाने व आज्ञेवर करता येतील अशी मांडलेली आहेत. योगाचा गाभा असा ठेक्यावर बसविता येतो काय, याविषयी मतभेद संभवतो. शाळेच्या दृष्टीने मात्र ती मांडणी उपयुक्त ठरली, यात संशय नाही.

१९३८ मध्ये कांदिवलीस शासकीय शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. मालाड व कांदिवली ही त्या वेळी मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरची गावे होती. बृहन्मुंबईत त्यांचा समावेश १९५७ मध्ये झाला. धावपट्टी, उड्यांचे हौदे व सांघिक खेळांची क्रीडांगणे यांस लागणारी मोकळी जमीन शहरात मिळणे कठीण होते. आगगाडीच्या मार्गावरील उपनगरी गावात ती मिळू शके. संस्थेचा मुख्य अभ्यासक्रम पदवीधरांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम होता. पदवीधरांसाठी, ही अट येथे विशेष लक्षात घ्यावयास हवी. गणित किंवा इतिहास शिकविणारा शिक्षक पदवीधर असेल, तर मैदानावरील शिक्षकही तसाच असला पाहिजे, हा विचार तीमागे होता. कवायत मास्तरांच्या परंपरेहून ही फारकत होती.

अशा पदविकेत सकाळ-संध्याकाळ मैदान आणि मधल्या वेळी वर्ग असा साधारण दिनक्रम असतो. दंड, बैठका, सूर्यनमस्कार, आसने, मलखांब, कुस्ती, लाठी, लेझीम, जंबिया, फरी-गदगा यांच्या जोडीला पाश्चात्य साधनांवरील कसरती, धावणे, उड्या, फेकी, तसेच खो-खो, हुतूतू (कबड्डी), आट्यापाट्या, हॉकी, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल इ. खेळ येतात. खेळ स्वतः खेळता येणे आणि तो शिकविता येणे या दोन गोष्टी भिन्न होत, याची जाणीव विद्यार्थ्यास सराव पाठात होते. रांगा कोठे उभ्या करावयाच्या, आज्ञेतील सूचक शब्द व अंमलाचा शब्द यांत किती अंतर ठेवावयाचे, सूर्य मुलांच्या डोळ्यांवर येणार नाही अशी जागा कशी घ्यावयाची, खेळातून बाद झालेल्या मुलास तोवर काय करावयास द्यावयाचे, अशा बारीक गोष्टींवर पाठ उभा राहतो वा कोसळतो. उत्तम खेळाडू असलेले उमेदवार येथे अडखळतात, हा प्रशिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे.

संस्थेचे प्राचार्य पी. एम्. जोसेफ यांचा या क्षेत्रातील प्रभाव इलाख्यापुरता राहिला नाही. शारीरिक शिक्षणाच्या संघटनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ कांदिवलीच्या माजी विद्यार्थी संघाने प्रसिद्ध केला आणि तो अन्यत्रही पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. केंद्र शासनाने १९५७ मध्ये, १८५७ च्या उठावाच्या शताब्दीनिमित्त, ग्वाल्हेर येथे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य जोसेफ हेच झाले. तेथे तीन वर्षांचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे अन्य विषयाच्या पदवीवर एक वर्षाची पदविका ही कांदिवलीची योजना मागे पडून, शारीरिक शिक्षण हाच पदवीचा विषय बनला.

प्रशिक्षित शिक्षकाचे शाळेतील स्थान मात्र तितक्या वेगाने सुधारले नाही. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) या शिक्षकास समान अर्हतेच्या इतर शिक्षकांइतकाच दर्जा द्यावा, शरीरक्रिया व आरोग्य या विषयांच्या अध्यापनातही त्यास सहभागी करून घ्यावे, असे सुचविले. चाळीस वर्षांखालील सर्वच शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या व्यायामात भाग घ्यावा, अशीही त्याची शिफारस होती. ती बहुतेक शाळांनी वाचून बाजूस ठेवली असे दिसते. एकीकडे दर्जाविषयीच्या शिफारशी होत असतानाच दुसरीकडे शिस्तीच्या नावाखाली कवायत परत आली. आझाद हिंद सेनेतील जनरल जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ मध्ये निर्वासित मुलांसाठी सुरू केलेली राष्ट्रीय शिस्त योजना अनेक राज्यांत पसरली. तिचे निदेशक राजस्थानातील सारिस्का येथे वेगळ्या पद्धतीने तयार होत. परिणामी काही ठिकाणी एकाच मैदानावर दोन विचारांचे शिक्षक उभे राहिले. १९५९ मध्ये नेमलेल्या कुंझरू समितीने या योजनांचे एकीकरण सुचविले आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय सुदृढता दलाच्या रूपाने ते अंमलात आले.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर खाजगी संस्थांनी या कार्याचा मोठा भार उचलला. अमरावतीच्या मंडळाने १९६७ मध्ये पदवी महाविद्यालय काढले; पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय १९७७ मध्ये सुरू झाले. पतियाळा येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाल्यावर खेळाचा मार्गदर्शक व शाळेचा शिक्षक या दोन व्यवसायांची फारकत झाली. पहिल्यास निवडक खेळाडू घडवावयाचे असतात, तर दुसऱ्यास वर्गातील शेवटच्या मुलापर्यंत पोहोचावयाचे असते. शाळा मात्र आपल्या शिक्षकाचे मूल्यमापन अद्यापही चषकांवरून करतात. कांदिवलीचे नावही आज क्रीडाक्षेत्रात घेतले जाते, ते मुख्यतः भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या तेथील केंद्रामुळे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या १९९३ च्या अधिनियमान्वये या अभ्यासक्रमांचे नियमन केंद्रीय पातळीवर आले आणि परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी. पी. एड्. चा कालावधी एकाऐवजी दोन वर्षे झाला. याच काळात नेमणुकीचे धोरण उलट दिशेने गेलेले दिसते. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये कला, क्रीडा व कार्यानुभव यांसाठी मानधनावर अतिथी निदेशक नेमण्याचा निर्णय घेतला व त्यास शिक्षक संघटनांनी विरोध केला. दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेल्या पदवीधरास तासिकेवर बोलाविणे म्हणजे, नाव बदलून, जुन्या कवायत मास्तराचीच जागा त्यास देणे होय, हा त्यांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही.