मॉरिशस
हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागातील द्वीपराष्ट्र. आफ्रिका खंडात गणना होत असली तरी लोकवस्तीने बरेचसे भारतीय, बोलीने क्रिओल आणि वर्तमानपत्रांच्या भाषेने फ्रेंच. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे 800 कि.मी. वर, 20° दक्षिण अक्षांशाच्या आसपास मुख्य बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे 1,865 चौ.कि.मी. आहे. रॉड्रिग्ज, अगालेगा व सेंट ब्रँडन ही बेटे याच राष्ट्राची. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. राजधानी पोर्ट लुई. ऊस, गिरमिटिये (करारबद्ध मजूर) आणि क्रिकेट यांमुळे मराठी वाचकाला कॅरिबियन बेटे ऐकून ठाऊक असतात. त्रिनिदाद आणि गयाना येथे मजुरांची जहाजे मुख्यतः कलकत्त्याहून गेली, त्यामुळे तेथील भारतीय वस्तीत मराठी माणूस शोधावा लागतो. मॉरिशसला मात्र मुंबई बंदरातूनही माणसे गेली, आणि त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात.

बेट ज्वालामुखीतून घडलेले असून जवळजवळ सगळीकडून प्रवाळभिंतींनी वेढलेले आहे. मध्यभागी पठार, त्याभोवती जुन्या ज्वालामुखीच्या कडेचे तुटक सुळके. सर्वोच्च शिखर पितों द ला प्तित रिव्हिएर नुआर 828 मी. उंचीचे आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पठारावर पाऊस ओततात व पश्चिम किनारा कोरडा राहतो. पश्चिमेच्या या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील उसाच्या मळ्यांवरच मराठी मजुरांची मोठी वस्ती झाली. कोकणच्या पावसात वाढलेली माणसे बेटाच्या सर्वांत रखरखीत बाजूला येऊन पडली. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. 1892 च्या एप्रिलमधील वादळात हजारांहून अधिक माणसे दगावली.

बेटावर मूळचे मानवी रहिवासी नव्हते. 1598 मध्ये डच आले व त्यांनी आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे, नाव बेटाला दिले. उडता न येणारा डोडो पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला. 1710 मध्ये डचांनी बेट सोडले. 1715 मध्ये फ्रेंचांनी ते ताब्यात घेऊन ‘इल द फ्रान्स’ असे नामकरण केले. 1735 पासून गव्हर्नर माए द ला बूर्दोने याने गुलामांच्या श्रमावर पोर्ट लुई बंदर उभारले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण मळेवाल्यांचे कायदे, भाषा व मालमत्ता यांना हात लावला नाही. आज संसद इंग्रजीत चालते आणि वृत्तपत्रे फ्रेंचमध्ये निघतात, त्याचे मूळ या तडजोडीत आहे.

पहिले भारतीय मजूर 1834 मध्ये आले असे सर्रास सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. फ्रेंच अमदानीत दक्षिण भारतातील कारागीर येथे होते, आणि 1815 पासून मुंबई व बंगाल इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधण्यासाठी येथे पाठवले जात होते. 1836 मध्ये बेटावर उतरलेल्या चार्ल्स डार्विनने या कैद्यांविषयी आदराने लिहिले आहे. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. तिच्या जागी आलेल्या करारबद्ध मजुरीची पहिली तुकडी 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजाने पोहोचली. 36 जणांची ही तुकडी कलकत्त्याहून आली होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय येथे उतरले. कलकत्त्याहून सर्वाधिक आले, त्याखालोखाल मद्रासहून, आणि मुंबईहून सर्वांत कमी. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरीकडचे कुणबी-मराठे बरेच होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात आणि बंदरापासून दूर. मॉरिशसच्या मराठीपणावर कोकणचा ठसा आहे, गोदाकाठचा नाही.

महिना पाच रुपये, वर शिधा, आणि सामान्यतः पाच वर्षांचा करार. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत होती, आणि आजारपणालाही ती लागू होई. मळ्याबाहेर पडताना जवळ परवाना नसला की अटक. या जाचाविरुद्ध आडोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने 1871 मध्ये मजुरांचा अर्ज तयार करवला. त्यावरून इंग्लंडहून चौकशी आयोग आला. पुढे मळेवाल्यांनी अडचणीत आल्यावर जमिनीचे तुकडे विकायला काढले आणि पै-पै साठवलेल्या मजुरांनी ते घेतले. भारतीयांच्या राजकीय बळाचा पाया मला मोर्चांपेक्षा या खरेदीखतांत दिसतो. महात्मा गांधी 1901 मध्ये येथे थांबून गेले. 1907 मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले. 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला आणि शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. 12 मार्च ही दांडीयात्रेच्या आरंभाची तारीख मुद्दाम निवडलेली होती. 1992 पासून प्रजासत्ताक.

येथील समाजाची मोजदाद बाहेरच्याला चक्रावून टाकते. राज्यघटनेच्या लेखी हिंदू हा एकच वर्ग आहे. बोलण्यात मात्र ‘हिंदू’ म्हणजे बिहार-उत्तर प्रदेशाकडून आलेले. तमिळ, तेलुगू आणि मराठी हे त्यांच्या शेजारी वेगळे उभे. ही वर्गवारी किती नाजूक आहे ते 1998 मध्ये दिसले: नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली छापल्याने गदारोळ उठला आणि नोटा मागे घ्याव्या लागल्या. मराठी समाज संख्येने अगदी लहान. घरात क्रिओल बोलतो, पूर्वी शेजाऱ्यांची भोजपुरीही बोले. तरीही तो मराठी राहिला, कारण या देशात प्रत्येक समाजाला आपली पूर्वजांची भाषा, देऊळ आणि सण दाखवावा लागतो. प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तो वरच्या वर्गांना शिकवला जातो, आकाशवाणीवरही मराठी कार्यक्रम होतात. 2012 पासून शाळेत क्रिओलही निवडता येते. घरात जी बोलायची तीच भाषा परीक्षेला घेता येत असताना मुले मराठी किती काळ घेतील, हा प्रश्न तेथील शिक्षकांपुढे आहे.

भाषेपेक्षा सण अधिक चिवट ठरला. 1896 मध्ये हेन्रिएटा येथे एका मराठी कुटुंबाने गणपती बसवला, ती येथील पहिली गणेशपूजा मानतात. गणेश चतुर्थीला आता सार्वजनिक सुट्टी असते, पण ती चतुर्थीला नसते. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती, सुट्टी 28 ला. कॅलेंडर चुकलेले नाही. सुट्टी विसर्जनाच्या दिवसाची आहे. कोकणच्या घरोघरचा दीड दिवसाचा गणपती अशा रीतीने एका परक्या देशाच्या राजपत्रात जाऊन बसला. टिळकांच्या सार्वजनिक उत्सवाची दहा दिवसांची चाल येथे मूळ धरू शकली नाही. मूर्ती नदीवर किंवा समुद्रावर नेताना ‘झाकरी’ नाचतात; रत्नागिरीकर तिला जाखडी म्हणून लगेच ओळखील. कास्काव्हेल हे गाव या मिरवणुकांसाठी नावाजलेले. महाराष्ट्र भवनात एप्रिल 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला गेला.

इतर परंपरांत आफ्रिकी गुलामांचे सेगा गाणे-नाच (युनेस्को यादीत 2014) आणि भोजपुरी बायकांची लग्नगीते ‘गीत-गवई’ (2016) येतात. महाशिवरात्रीला पांढऱ्या कपड्यांतील यात्रेकरू खांद्यावर कावड घेऊन गंगा तलावाकडे चालत जातात. रस्त्यावरचे आवडते खाणे म्हणजे धॉल पुरी: हरभऱ्याच्या डाळीचे सुके सारण भरून तव्यावर भाजलेल्या पातळ पोळ्या, नेहमी जोडीने, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा-भाजी आणि मिरचीची चटणी. पुरणपोळीची तिखट चुलतबहीणच.

अर्थव्यवस्था दीर्घकाळ साखरेवर होती. 1970 पासून निर्यात क्षेत्रात कपड्यांचे कारखाने आले, मग पर्यटन, मग वित्तसेवा. भारताशी 1980 च्या दशकात झालेल्या करसवलतीच्या करारामुळे मुंबईच्या शेअर बाजारात येणारा परकीय पैसा वर्षानुवर्षे मॉरिशसच्या पत्त्यावरून येत असे. 2016 मध्ये कराराची ती सवलत काढण्यात आली. 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढले आणि त्यातील तेलाने खाजण काळे झाले.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. बोटीतून उतरलेले मजूर जेथून वर चढत त्या सोळा दगडी पायऱ्या येथे दाखवतात. प्रत्येकाला येथे क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण अशा नोंदी असलेल्या वह्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. 2024 मध्ये भारताने सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डाची मुभा देण्याचे जाहीर केल्यापासून या वह्यांचे मोल वाढले आहे. मराठी अर्जदारांची अडचण वेगळीच: पणजोबांच्या गावाचे नाव इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असते, आणि रत्नागिरीच्या नकाशावर ते हुडकायला तिकडचाच जाणकार लागतो.