तिकीट होतं, वाट नव्हती
रविवारी सकाळी आगगाडीत बसायचं, डोंगरात हिंडायचं, दिवेलागणीला घरी परतायचं. मँचेस्टरच्या कामगारांना धुरातून सुटायचा हाच काय तो परवडणारा मार्ग होता. गाडी हेफील्डपर्यंत पोचवी, अडचण पुढेच. समोरचा किंडर स्काउट, उंची ६३६ मीटर, खासगी मालकीचा! ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला. रखवालदार माणसांना हाकलून लावीत.

२४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे ४०० जण हेफील्डहून निघून सरळ डोंगर चढू लागले. पुढारी बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा. मँचेस्टरच्या स्टेशनवर पोलीस वाट पाहत होते, म्हणून हा गडी सायकलनं आला! रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद. डोंगर चढल्याबद्दल नव्हे बरं का; नुसतं दुसऱ्याच्या जमिनीवर चालणं हा तिथं फौजदारी गुन्हाच नव्हता. आरोप होते दंग्याचे, मारहाणीचे. पण या शिक्षांनीच लोकमत फिरलं.

१९५१ मध्ये हाच पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. इंग्लंड-वेल्समध्ये अशा मोकळ्या माळांवर हिंडायचा हक्क मात्र कायद्यात यायला २००० साल उजाडलं. तोवर हेफील्डची गाडी बंद होऊन तीस वर्षं झाली होती. आता उतरायचं ते डोंगराच्या पलीकडे, एडेल स्टेशनवर.