बीज नदीचे, बीज हौदाचे

माझे आजोबा पवनारचे भोई. मृगाचा पहिला लोंढा धाम नदीत उतरला की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, अंडी घालतात, हे त्यांना नदीने शिकवले. पुढे मी प्राणिशास्त्र शिकवले, तेव्हा त्यांच्या त्या ज्ञानाचे मोल कळले.

रोहू, कटला, मृगळ तळ्यात पोसतात, पण अंडी घालायला त्यांना वाहते पाणी लागते. म्हणून तळ्यात सोडायचे बीज, म्हणजे माशांची पिल्ले, पूर्वी मुख्यतः नद्यांतून गोळा करावे लागे. जुलै 1957 मध्ये हीरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची बंदिस्त पाण्यात पैदास करून दाखवली. त्यातून हौदातले बीज आले आणि देशभरातल्या तळ्यांत, धरणांत मासळी पिकू लागली. गरीब घरांच्या ताटात मासा आला, ही फार मोठी गोष्ट आहे.

पण त्याच काळात आपण नद्या अडवल्या. आमच्या जिल्ह्यात बोर नदीवर 1965 साली धरण झाले. भिंत आली की माशांची चढण थांबते. रेती उपसली की अंडी घालायची जागा जाते. धरणात बीज सोडून हे नुकसान झाकले जाते, भरून निघत नाही. वाम, शिंगाडा या नदीतल्या माशांचे बीज कोण सोडतो?

पहिल्या पुरात जाळे टाकू नये, खोल डोह राखावेत, आणि दरवर्षी धरणासोबत नदीतल्या माशांचीही मोजणी व्हावी. ती मोजणी भोयांना सोबत घेऊनच झाली पाहिजे.