दसऱ्यानंतरचा डोंगर: अशेरीगड, तारापूर आणि आपला ऑक्टोबर

मागच्या भागावर खूप जणांनी एकच प्रश्न विचारला: "पावसाळी ट्रेक संपले, आता एका दिवसात कुठे जाऊन येऊ?" तर आज आमच्याच भागातली एक जागा सांगतो, अशेरीगड. आणि ऑक्टोबरमध्ये डोंगरावर जाण्याचा आपल्या इतिहासाशी काय संबंध आहे, तेही बघू. कारण हा सीझन ट्रेकिंग ग्रुपवाल्यांनी शोधलेला नाही. तो बराच जुना आहे.

मी घिवलीचा. म्हणजे बोईसर-तारापूर पट्ट्यातलं समुद्राकाठचं गाव. आमचे आजोबा मासेमारी करायचे. तेव्हा जीपीएस नव्हतं. होडीतून परत येताना किनारा पुरेसा दिसायच्या आधी मागचे डोंगर दिसायचे. कुठला डोंगर कुठल्या डोंगराच्या आड आला, यावरून ते आपली जागा ओळखायचे. त्या खुणांवर आयुष्य काढलं, पण त्यातल्या एकाही डोंगरावर ते कधी चढले नाहीत. कामाशिवाय डोंगर चढायचा, ही कल्पनाच त्यांना विनोदी वाटायची.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं मित्र शनिवारी सकाळी निघालो. बोईसरहून चिल्हार फाटा, तिथून हायवेने मुंबईच्या दिशेला थोडं पुढे खोडकोना गाव. तिथून चढ सुरू होतो. खाली भात कापणीला आलं होतं, गवत कमरेएवढं होतं, आणि ऊन? ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते साडेनऊलाच कळलं. चौघांत मिळून चार लिटर पाणी घेतलं होतं. हा आमचा मूर्खपणा. पाड्यावरच्या एका ताईंनी आम्हाला बघूनच विचारलं, "एवढंच पाणी?" आणि घरातून दोन बाटल्या भरून दिल्या. त्या बाटल्या नसत्या तर हा एपिसोड वेगळा झाला असता.

आता इतिहास. अशेरी हा पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखातला एक महत्त्वाचा डोंगरी किल्ला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १५५६ मध्ये त्यांनी अशेरी आणि मनोर घेतलं. समुद्रावर राज्य करणाऱ्यांना एवढ्या आतला डोंगर कशाला हवा होता? एक कारण म्हणजे साग. या जंगलातलं लाकूड जहाजांसाठी सोन्यासारखं होतं. आणि वैतरणेच्या खाडीत भरतीचं पाणी मनोरपर्यंत येतं, म्हणजे लाकूड खाली न्यायला रस्ता तयारच. दुसरं कारण, वर उभं राहिलं की आजूबाजूचा सगळा मुलूख नजरेत येतो. म्हणजे किनाऱ्यावरचं गलबत आणि डोंगरावरचा सागवान हे एकाच धंद्याचे दोन भाग होते. आम्ही किनाऱ्यावरचे लोक डोंगराला 'तिकडचं' म्हणतो, पण हिशोब एकच होता.

पोर्तुगीजांच्या आधीही हा गड रिकामा नव्हता. महिकावतीच्या बखरीत अशेरी कोळ्यांच्या ताब्यात असल्याची कथा येते. आजही या डोंगराच्या पायथ्याचे पाडे आदिवासींचेच आहेत. गडाच्या माहितीत राजांची यादी असते, या लोकांचं नाव क्वचित असतं. पण वाट मोडू न देणारे तेच, आणि वर गुहेतल्या देवीला जाणारेही तेच.

आता ऑक्टोबरकडे येऊ. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन म्हणतो, सोनं वाटतो आणि घरी येतो. पूर्वी त्याचा अर्थ अगदी प्रॅक्टिकल होता. पाऊस थांबला, नद्यांना उतार मिळाला, चिखल सुकला, घोड्यांना गवत आहे, नवं धान्य येतंय. म्हणजे आता फौज बाहेर काढता येते. आपण "आता वाट निसरडी नसेल ना?" म्हणून ज्या महिन्याची वाट बघतो, तोच हिशोब. फक्त त्यांच्या पाठीवर डबा आणि पॉवरबँक नव्हती.

हा हिशोब चुकला की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. चिमाजी अप्पांची साष्टी-वसईची मोहीम १७३७ च्या मार्चअखेरीस सुरू झाली. ठाणं लगेच हाती आलं. पण पाऊस दोन-अडीच महिन्यांवर होता. वसई तेवढ्यात पडली नाही, आणि त्या पावसाळ्यात झालेले हल्लेही फसले. मग मराठ्यांनी काय केलं? १७३८ चा पावसाळा संपल्यावर उत्तरेकडचा किनारा एकेक करून मोकळा केला. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, डहाणू, तारापूर. आणि मग वसईला पक्का वेढा. मे १७३९ मध्ये, पुढचा पाऊस यायच्या आत, वसई शरण आली. अशेरीही याच मोहिमेच्या काळात मराठ्यांकडे आली. त्याआधी १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने ती घेतली होती, पण काही वर्षांनी पोर्तुगीजांनी परत मिळवली होती.

तारापूरचा किल्ला आमच्या गावापासून जवळच. लहानपणी त्याच्या बाजूने कित्येकदा गेलोय. तिथे सुरुंग लावून तट फोडला गेला, आणि त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर मारले गेले, हे मला इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं. पेशव्यांच्या घरातलाच म्हणावा असा सरदार. चार वर्षं बीटेक केलं, पण घराजवळ कोण पडलं ते माहीत नव्हतं.

परत गडावर. खिंडीनंतर चढ उभा होतो, शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी आहे, मग कातळातल्या पायऱ्या. आणि तिथेच वाटेत एक कोरलेला दगड पडलाय. पोर्तुगालचं राजचिन्ह. नीट बघितलं तर मधल्या पाच छोट्या ढाली ओळखता येतात. एकेकाळी तो दरवाजावर मिरवला असणार. आता लोक त्यावर बूट ठेवून लेस बांधतात. खोटं कशाला बोलू, पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्याच दगडावर उभं राहून फोटो काढलाय. डीपीसुद्धा होता. दगड कसला ते कळल्यावर काढून टाकला.

दगड काही बोलत नाही. पण दर वर्षी थोडा झिजतो. पाऊस झिजवतोच, त्यात आपली भर कशाला?

वरच्या टाक्यांपाशी डबे खाल्ले. पश्चिमेला उन्हात एक चमकती रेघ दिसत होती. समुद्र होता की आम्हाला तसं वाटलं, यावर चौघांत वाद झाला. अडीचला उतरायला लागलो, कारण ऑक्टोबरमध्ये सव्वासहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि जंगलात अंधार त्याआधीच होतो. ताईंच्या बाटल्या परत केल्या.

घरी आल्यावर बाबांना फोटो दाखवले. त्यांनी विचारलं, "तिथनं घिवली दिसते का?" मी म्हटलं, रेघ दिसते. मग त्यांना विचारलं, आजोबा या डोंगराला काय म्हणायचे? बाबा बराच वेळ आठवत राहिले. आठवलं नाही. होडीवर जीपीएस आल्यावर ती नावं कोणी पुढच्याला सांगितलीच नाहीत.

तर मंडळी, यंदा जाच. माणशी तीन लिटर पाणी घ्या, सकाळी लवकर चढा, त्या दगडाला वळसा घाला, पाड्यावरच्या माणसांशी दोन शब्द बोला. आणि तुमच्या घरात समुद्रावर किंवा रानात आयुष्य काढलेलं कोणी असेल, तर आज रात्रीच विचारा की समोरच्या डोंगराला ते काय म्हणतात. फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. मला उशीर झाला, तुम्हाला होऊ नये.

भेटू पुढच्या भागात.