पांढरीवर आलेली काळी

गांवगाड्याच्या जुन्या व्यवहारांत जमिनीचे दोन भाग असत. घरें, देवळें व चावडी ज्या जागेवर उभीं, ती पांढरी; आणि जेथें नांगर चाले, ती काळी. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' १९१५ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत या दोन्ही शब्दांची ओळख होते. पांढरींत राहावें, काळींत पिकवावें, अशी ही सरळ वांटणी. आज नांदेडला किंवा लातूरला एखाद्या फ्लॅटच्या चार हात गॅलरींत मेथी, कोथिंबीर, पुदिना व मिरची डोलतांना दिसते, तेव्हां ही वांटणी मोडलेली असते. काळी जिना चढून पांढरीवर येऊन बसलेली असते.

तशी ती पूर्वींहि येत असे. अंगणांतील तुळशीवृंदावन म्हणजे दुसरें काय? विटांच्या चौकटींत कोंडलेली ओंजळभर काळीच ती. मागल्या दारीं परस असे. आंघोळीचें व भांड्यांचें पाणी मोरींतून परसांत जाई आणि त्यावर अळू, केळ व कर्दळ पोसली जाई. त्या व्यवस्थेला पाण्याचा पुनर्वापर असें भारदस्त नांव देण्याची गरज तेव्हां कोणास वाटली नव्हती. वाडे पडून फ्लॅट उभे राहिले, तेव्हां परस तर गेलेंच, पण त्याबरोबर परसाचें पाणीहि गेलें. तें आतां नळींतून थेट गटारांत जातें. गॅलरींतल्या बागेची खरी अडचण येथून सुरू होते. जागेची उणीव हा त्या मानानें लहान प्रश्न आहे.

या कुंड्यांतील सर्व मंडळी जुनीं आहेत असेंहि नव्हे. तुळस येथलीच; मिरची मात्र पोर्तुगीजांच्या मागोमाग सोळाव्या शतकांत अमेरिकेकडून आली आणि मिरीचेंच नांव थोडें वाकवून घरांत शिरली. टोमॅटोचें मूळहि तिकडचेंच. मराठवाड्याच्या ठेच्याला इतकें परकें कूळ आहे, हें ठेचा खातांना कोणाच्या ध्यानांत येत नाहीं!

काळ्या मातीचा स्वभाव मात्र कुंडीला मानवत नाहीं. ओली झाली कीं ती फुगते, वाळली कीं आकसून भेगाळते. शेतांत हाच गुण ओल धरून ठेवण्यास उपयोगी पडतो. डब्यांत त्यानें मुळें कुजतात. शिवाय तिचें वजन. एक घनफूट ओली माती सुमारें ५० किलो भरते. मातीचा भार डोक्यावर असणें म्हणजे काय, हें लातूर जिल्ह्याला निराळें सांगावयास नको. जाड दगडी भिंती, लांकडी तुळया आणि वर मातीचा थर, असें माळवदाचें घर उन्हाळ्यांत थंडगार. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारी व आसपासच्या गांवांत तींच घरें कोसळलीं आणि हजारों माणसें त्याखालीं गेलीं.

मातीचा हा भार कमी करण्याची वाट महाराष्ट्रांतच दाखविली गेली. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनीं 'प्रयोग परिवार' उभा केला आणि पालापाचोळा व काडीकचरा यांपासून घरच्या घरीं सुपीक माती कशी घडवावी, याचे प्रयोग लोकांकडूनच करविले. मुंबईंत वांद्र्याच्या गच्चीवर डॉ. आर. टी. दोशी यांनीं पिंपें व प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन त्यांत उंसाचीं चिपाडें, स्वयंपाकघरांतील ओला कचरा आणि थोडीशीच माती भरली व त्यांत भाज्या, फळें काढलीं. पुढें २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराची गच्चीहि अशीच हिरवी झाली. चिपाड हलकें असतें, पाणी शोषून धरतें आणि सावकाश कुजून खत होतें. लातूरच्या पाण्याचा विषय निघाला कीं प्रथम उंसाकडे बोट जातें. त्याच उंसाचें चिपाड रसवंतीवर फुकट मिळतें आणि कुंडींतलें पाणी वांचवितें, हा योगायोग गमतीचा खरा.

पाण्याची कसोटी २०१६ सालीं लागली. मांजरा धरण कोरडें पडलें. मार्चमध्यें लातुरांत पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिलच्या पहाटें मिरजेहून पाण्याची आगगाडी येऊन पोंचली. दहा टाकी-डब्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. पुढें डबे ५० झाले व एका खेपेस २५ लाख लिटर येऊं लागलें. जेथें पिण्याचें पाणी रुळांवरून येतें, तेथें मिरचीच्या रोपाला तांब्याभर पाणी घालणें हा अपराध मानावा काय? नवी कुंडी लावणें त्या चैत्रांत खासच अप्रस्तुत होतें. पण तांदूळ व भाजी धुतल्याचें पाणी कोणाच्या तोंडचें काढलेलें नसतें, आणि एक तुळस व दोन मिरच्या जगविण्यास तें पुरतें. बोअरचें जड पाणी मात्र सारखें घातल्यास क्षार सांचतात व कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो.

थोड्या पाण्यावर रोप जगविण्याची युक्ति फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत चीनमधील फान शेंगझी यानें खरबुजाच्या आळ्यांत पाण्याचें मडकें पुरण्याची रीत लिहून ठेवली आहे. मडक्यांतून पाणी पाझरतें व मुळें तें हवें तेवढें घेतात. महादेवाच्या पिंडीवर उन्हाळ्यांत जी गळती टांगतात, तिचीहि जात हीच. पत्र्याच्या तेलडब्यांत मधोमध एखादें लहान मडकें पुरलें तर लातूरच्या मे महिन्यांतहि पुदिना तग धरतो. मातीची कुंडी स्वतःच पाझरते, म्हणून मुळें गार राहतात, पण पाणी लवकर संपतें. प्लॅस्टिकच्या बादलीचें याच्या उलट. नांदेडला गोदावरी आहे म्हणून तेथें निष्काळजीपणा चालेल, असें मात्र नाहीं. नदी उशाशीं असली तरी तिसऱ्या मजल्यावर पाणी नळानेंच येतें.

त्याच वर्षाच्या पावसाळ्याअखेर मांजरा धरण भरलें. उन्हाळाभर रिकाम्या राहिलेल्या कुंड्यांतील माती तोंवर आकसून कडांपासून सुटलेली असते. वरून घातलेलें पाणी त्या फटीनें सरळ खालीं निघून जातें. ती माती उपसून, फोडून, तिच्यांत चिपाडाचा भुगा मिसळावा लागतो. मग धणे चपलेखालीं हलके रगडून त्यांच्या दोन दोन डाळी कराव्या व पेराव्या. कोथिंबीर उगवण्यास आठ-दहा दिवस घेते.