फोन ते फोन रिले: मधला फोन तुमचा कॉल कसा सांभाळतो?

जालना एमआयडीसीत सळई बनवणारे कारखाने आहेत. पत्र्याची मोठी शेड, आत लोखंडच लोखंड. अशा शेडमध्ये फोनला जेमतेम एक दांडी मिळते आणि गेटवर आलं की चार. आता समजा, आतल्या कामगाराला अपघात झाला म्हणून तातडीचा कॉल लावायचाय. त्याचा फोन थेट टॉवरशी न बोलता दारातल्या फोनमार्फत टॉवरशी बोलला तर?

याला डिव्हाइस-टू-डिव्हाइस रिले म्हणतात. पण मधे तिसरा फोन आला की प्रश्न येतो: आवाज अडकणार नाही, कॉल तुटणार नाही, हे कोण बघणार? हे बघण्याच्या कामालाच क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे क्यूओएस सांभाळणं म्हणतात.

हे आलं कुठून?

मोबाइल नेटवर्कचे जागतिक नियम थ्रीजीपीपी ही संस्था ठरवते. तिच्या रिलीज १२ मध्ये जवळचे फोन थेट बोलण्याची सोय आली. रिलीज १३ मध्ये एक फोन दुसऱ्याला टॉवरपर्यंत पोचवू लागला. तेव्हा डोळ्यासमोर होते पोलीस आणि अग्निशमन दल. ५जीसाठीचा रिले २०२२ च्या रिलीज १७ मध्ये आला. फोन ते फोन जाणाऱ्या या थेट रस्त्याला साइडलिंक म्हणतात.

क्वालिटी मोजायची कशी?

सगळा डेटा सारखा नसतो. म्हणून ५जीमध्ये प्रत्येक प्रकाराला एक नंबर असतो, त्याला फाइव्हक्यूआय म्हणतात. तीन उदाहरणं बघा:

- नंबर १, व्हॉइस कॉल: उशीर १०० मिलिसेकंदांच्या आत, १०० पॅकेटमागे १ हरवलं तरी चालतं.
- नंबर २, व्हिडिओ कॉल: उशीर १५० मिलिसेकंद, १००० मागे १.
- नंबर ९, साधं ब्राउझिंग, डाउनलोड: उशीर ३०० मिलिसेकंद चालतो, पण नुकसान १० लाखांमागे १ पेक्षा जास्त नको.

थोडक्यात, कॉलला घाई असते आणि फाइलला अचूकपणा हवा असतो.

एक बजेट, दोन टप्पे

खरी गंमत इथे आहे. व्हॉइस कॉलचे १०० मिलिसेकंद हे तुमच्या फोनपासून नेटवर्कच्या आतल्या गेटवेपर्यंतच्या अख्ख्या प्रवासाचे आहेत. मधे रिले आला म्हणून ते २०० होत नाहीत. तेच बजेट वाटून घ्यावं लागतं. उदाहरणार्थ, साइडलिंकला ४० आणि पुढच्या प्रवासाला ६०. मधल्या फोनला पॅकेट घेऊन पुढे द्यायला लागणारा वेळही यातूनच जातो.

नुकसानीचंही तसंच. दोन्ही टप्प्यांवर ९९ टक्के पॅकेट पोचली, तर एकूण ९८ टक्केच पोचतात. एकूण ९९ हवे असतील तर प्रत्येक टप्प्याला साधारण ९९.५ गाठावे लागतात. म्हणजे रिले असेल तर प्रत्येक टप्पा एकट्या लिंकपेक्षा चांगला हवा.

ही वाटणी रिलेच्या प्रकारावर ठरते. लेअर-२ रिलेमध्ये टॉवर दोन्ही टप्पे ओळखून वाटणी करतो. इथे एन्क्रिप्शन तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंत सलग असतं, त्यामुळे मधल्या फोनवाल्याला तुमचा डेटा वाचता येत नाही. लेअर-३ मध्ये मधला फोन छोट्या राउटरसारखा वागतो आणि टॉवरकडच्या नियमांची साइडलिंकच्या नियमांशी जोडी लावतो.

कोणता फोन मधे घ्यायचा?

सर्वात जवळचा फोन घेतला की झालं, असं नाही. त्याची स्वतःची टॉवरशी लिंक कमजोर असेल तर उपयोग शून्य. म्हणून नेटवर्क मर्यादा घालून देऊ शकतं: तुमचा थेट सिग्नल एका पातळीखाली गेला तरच रिले शोधा, आणि मधल्या फोनचा टॉवर सिग्नलही ठरलेल्या पट्ट्यात हवा. शिवाय दोन फोन जवळपास सारखेच असतील तर दर सेकंदाला इकडून तिकडे उड्या मारू नयेत म्हणून फरकाची थोडी सवलत ठेवतात.

रिले काय करू शकत नाही?

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला तुफान गर्दी होते. अशा गर्दीत दांड्या फुल दिसतात, तरी मेसेज जात नाही. इथे रेंज आहे, पण टॉवरवर जागा नाही. रिले शेवटी त्याच टॉवरकडे जातो, त्यामुळे हा प्रश्न सुटत नाही. रिले कव्हरेज वाढवतो, टॉवरची क्षमता नाही. हां, दोन जवळचे फोन टॉवरला वगळून थेट बोलले तर मात्र टॉवरवरचा तेवढा भार वाचतो.

आज तुमच्या हातात काय आहे?

दुकानात मिळणाऱ्या साध्या फोनमध्ये साइडलिंक रिले आज वापरता येत नाही. त्याचा घरगुती भाऊ म्हणजे हॉटस्पॉट. पण त्यात दोन टप्प्यांचं बजेट कोणी जुळवत नाही. वायफायवर आवाजाला पुढे सोडायची सोय आहे, टॉवरकडे मात्र सगळं साधारणपणे सामान्य इंटरनेट म्हणूनच जातं. म्हणून हे करा:

- हॉटस्पॉट देणारा फोन खिशात नको, रेंज असलेल्या खिडकीत किंवा दारात ठेवा.
- घेणाऱ्या फोनमध्ये ते वायफाय 'मीटर्ड' करा, म्हणजे मागचे अपडेट, बॅकअप थांबतात आणि कॉलला जागा मिळते.
- फोन जवळ असतील तर ५ गिगाहर्ट्झ, मधे भिंत असेल तर २.४ गिगाहर्ट्झ निवडा.
- देणाऱ्याच्या बॅटरीकडे लक्ष ठेवा. मधला फोन बंद पडला की सगळेच बंद.

आणि तातडीच्या वेळी हॉटस्पॉट शोधत बसू नका, आधी ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर फोन त्यावरून हा कॉल लावायचा प्रयत्न करतो.